धावत्या वाहनाचा पुलावरील परिणाम : संगणकात प्रतिरूप वेगाचे करायचे की रस्त्याचे?

तुळई

पुलाच्या संकल्पनात धावत्या वाहनाचा हिशेब आपण बहुधा एका गुणकात उरकतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पुलांवरील भारांच्या नियमावलीतील (आयआरसी:६) क्लास-ए हा ठरावीक वाहनभार घेतला, तर काँक्रीटच्या पुलासाठी ४.५ भागिले (६ अधिक मीटरमधील गाळा, म्हणजे दोन आधारांमधले अंतर) आणि पोलादी पुलासाठी ९ भागिले (१३.५ अधिक गाळा) अशी सूत्रे आहेत. २५ मीटरच्या गाळ्याला त्यातून अनुक्रमे सुमारे १४.५ आणि २३.४ टक्के वाढ मिळते. ती स्थिर भाराने आलेल्या बेंडिंग मोमेंटमध्ये (तुळईला वाकवणाऱ्या परिणामात) मिळवली की काम झाले, असे आपण धरून चालतो. नव्या पुलासाठी ते बहुतेक वेळा पुरतेही. परंतु जुन्या पुलाची क्षमता तपासताना किंवा एखादे अवजड वाहन न्यायचे असताना ही वाढ नेमकी कशामुळे होते हे समजल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तिथे संगणकीय प्रतिरूप उपयोगी पडते. अलीकडे वाचनात आलेल्या बऱ्याच प्रबंधांत गुळगुळीत रस्त्यावरून वेगवेगळ्या वेगांनी गाडी पळवून आलेख काढलेले दिसतात. मला ही दिशाच चुकीची वाटते, म्हणून हा धागा.

या अभ्यासाची सुरुवात एका अपघातातून झाली. इंग्लंडात चेस्टर येथे डी नदीवर रॉबर्ट स्टीफन्सन यांनी बांधलेल्या रेल्वे पुलाची ओतीव लोखंडी तुळई २४ मे १८४७ रोजी गाडी जात असताना मोडली आणि पाच जण दगावले. तुळई कशाने मोडली यावर पुढे पुष्कळ वाद झाला. मात्र रेल्वेच्या बांधकामांतील लोखंडाच्या वापराची चौकशी करण्यासाठी जो आयोग नेमला गेला, त्याच्यासाठी केंब्रिजचे रॉबर्ट विलिस यांनी आणि लष्करी अभियंत्यांनी पोर्ट्समथच्या गोदीत प्रयोग केले. उतारावरून सोडलेली भारलेली गाडी नऊ फूट लांबीच्या लोखंडी पट्ट्यांवरून पळवली जाई, आणि वेग वाढवला की पट्टी स्थिर भाराच्या दुपटीहूनही अधिक वाकताना दिसे. जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी १८४९ मध्ये त्याचे समीकरण सोडवले, तेव्हा त्यांनी पट्टीचे स्वतःचे वस्तुमान नगण्य धरले होते. गाडीच्या मानाने पट्टी फारच हलकी असल्यामुळे तिथे ते शोभून गेले. प्रत्यक्ष पुलांवर तशाच चाचण्या घेतल्या, तेव्हा वाढ किरकोळ निघाली.

खऱ्या पुलाचे गणित उलट बाजूने मांडावे लागते, कारण तिथे पूल जड आणि वाहन हलके असते. क्रिलॉव्ह यांनी १९०५ मध्ये वस्तुमान असलेल्या तुळईवरून स्थिर परिमाणाचे बल धावते असे धरून उत्तर काढले आणि पुढे टिमोशेंको यांनी त्यात भर घातली. या गणितात सगळे काही एका राशीभोवती फिरते : वेग भागिले (दोन गुणिले पुलाची पहिली वारंवारता गुणिले गाळा). पहिली वारंवारता म्हणजे पूल स्वतःहून ज्या सर्वांत मंद तालात हलतो ती. साध्या आधारावरच्या २५ मीटर गाळ्यासाठी ती ४.५ हर्ट्झ धरा. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२.२ मीटर. ही राशी ०.१ च्या आसपास येते, आणि एकट्या बलामुळे होणारी वाढ काही केल्या ११ टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही, बहुधा तिच्याही खालीच राहते. थोडक्यात, आपल्या महामार्गावरच्या मध्यम गाळ्यांत नुसत्या वेगाचा वाटा लहान आहे. उरलेली वाढ रस्त्याच्या पृष्ठभागातून, पुलाच्या तोंडावरच्या सांध्यातून आणि वाहनाच्या पाट्यांतून (चाकांवरच्या स्प्रिंगांतून) येते. प्रतिरूपात कष्ट घ्यायचे तर ते तिथे घ्यावेत, असे माझे मत आहे. इतरांचा अनुभव काय सांगतो?

प्रश्नचिन्ह

मी एम.टेक.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि माझा विषय नेमका हाच आहे, त्यामुळे धाग्याबद्दल आभार. माझ्यापुढे सध्या एक प्राथमिक अडचण आहे. स्टॅड या संरचना-विश्लेषणाच्या प्रोग्राममध्ये 'मूव्हिंग लोड' देऊन पाहिले, तर वेग विचारलाच जात नाही. केवळ भार किती अंतराने पुढे सरकवायचा ते द्यावे लागते. मग गतिक परिणाम येतो कुठून? आणि पूर्ण प्रतिरूप स्वतः लिहायचे झाल्यास कालाचा टप्पा आणि घटकांची लांबी किती ठेवावी?

शून्यमाध्य

तिथे गतिक परिणाम येतच नाही. त्या सोयीत प्रोग्राम वाहन एकेका ठिकाणी उभे करतो, प्रत्येक ठिकाणी स्थिर विश्लेषण करतो आणि सर्वांत मोठा आकडा निवडतो. भाराची जागा बदलली की परिणाम कसा बदलतो हे दाखवणाऱ्या इन्फ्लुअन्स लाइनचेच काम यंत्राकडून करून घेतल्यासारखे ते आहे. संकल्पनासाठी ते योग्यच आहे, पण त्याला गतिक विश्लेषण म्हणू नये.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे धावते बल. मिडास किंवा सॅप या प्रोग्राममध्ये प्रत्येक नोडवर (घटकांच्या जोडबिंदूवर) त्रिकोणी आकाराचा काल-भार आलेख देतात : आस (ॲक्सल) मागच्या नोडवर असताना शून्य, या नोडवर आली की पूर्ण, पुढच्या नोडवर पोचली की पुन्हा शून्य. हे सोपे आहे, परंतु वाहन इथे निव्वळ वजन असते, त्याला स्वतःची हालचाल नसते. रस्त्याचा खडबडीतपणा यात घालताच येत नाही, कारण खड्ड्यातून गेल्यावर उसळायला तिथे काही नसतेच. तुळई यांचा मूळ आक्षेप मला वाटते इथेच लागू पडतो.

तिसरी पायरी म्हणजे वाहन आणि पूल यांची जोडलेली प्रणाली. वाहनासाठी वरची बॉडी, खालच्या आसा, मधले पाटे आणि खालचे टायर अशी वस्तुमाने आणि स्प्रिंगा घ्यायच्या. पुलासाठी पहिले काही मोड (कंपनाचे आकार) पुरतात. चाकाखालचे बल हे टायरच्या कडकपणाला चाकाची हालचाल, त्या जागची पुलाची हालचाल आणि रस्त्याची उंची यांच्यातील फरकाने गुणून मिळते. पूल हलला की बल बदलते आणि बल बदलले की पूल हलतो, म्हणून दोन्ही समीकरणे एकत्र सोडवावी लागतात किंवा प्रत्येक टप्प्यात दोघांची उत्तरे जुळेपर्यंत फेऱ्या माराव्या लागतात. टप्प्याटप्प्याने काल पुढे नेणारी न्यूमार्क यांची सरासरी त्वरणाची पद्धत यासाठी पुरेशी आहे. टायर रस्त्याला ओढू शकत नाही, त्यामुळे बल ऋण निघाले तर ते शून्य करण्याची अट विसरू नये.

कालाच्या टप्प्याचे म्हणाल, तर आसांची उसळी साधारण ८ ते १५ हर्ट्झला असते, तिचा एक फेरा वीस-पंचवीस टप्प्यांत बसायला हवा. ०.००१ सेकंद घेतलात तर ताशी ८० किलोमीटरला गाडी एका टप्प्यात २२ मिलिमीटर सरकते; ते उत्तम. घटक अर्ध्या मीटरचे पुरतील, पण घटकाच्या मधे असलेल्या चाकाचे बल दोन्ही नोडवर नुसते सरळ प्रमाणात वाटू नका, तुळईची घन आकारफले (दोन नोडमधला वाक दाखवणारी तिसऱ्या घाताची सूत्रे) वापरून मोमेंटसह वाटा. तसे न केल्यास त्वरणाच्या आलेखात दर नोडला एक खोटा दाता दिसतो आणि पुष्कळांना तोच पुलाचा एखादा वरचा मोड वाटतो.

वाहन जोडण्याआधी नुसत्या धावत्या बलावर तुमचा प्रोग्राम चालवून क्रिलॉव्ह यांच्या उत्तराशी ताडून पाहा. तिथे रेषा एकमेकींवर बसल्या नाहीत तर पुढे जाऊ नका.

कोयनाकाठ

मी पुलांच्या भारचाचण्यांच्या कामात आहे, त्यामुळे प्रतिरूपापेक्षा प्रत्यक्षात यंत्रावर काय उमटते ते सांगतो.

चाचणीत एकच भारलेला ट्रक आधी माणसाच्या चालीने पुलावरून नेतात. त्या आलेखाला आम्ही स्थिर आलेख मानतो. मग तोच ट्रक, त्याच मार्गिकेतून, वाढत्या वेगांनी नेतात. दोन्ही आलेख एकावर एक ठेवले, की मंद चालीची एक घडीव कमान दिसते आणि तिच्या अंगावर वेगातल्या फेरीची बारीक लाट चढलेली दिसते. नीट डांबर असलेल्या पुलावर ही लाट शिखरापाशी इतकी लहान असते, की वाढीचा आकडा पाच-सात टक्क्यांच्या पुढे जाणे अवघड होते. त्याच पुलावर चाकांच्या वाटेत फळी ठेवली की चित्र पालटते. स्वित्झर्लंडच्या एम्पा संस्थेने आपल्या पुलांच्या चाचण्यांत ५० मिलिमीटर जाडीची फळी याच कामासाठी वापरली होती. खचलेला रस्ता किंवा साचलेला बर्फ यांची ती प्रतिनिधी. पुलांवरच्या मोजणीतून निघालेले एक सूत्र आजही कामाला येते : पहिली वारंवारता म्हणजे ८२ गुणिले गाळ्याचा उणे ०.९ वा घात. २५ मीटरला त्यातून ४.५ हर्ट्झ मिळतात, म्हणजे तुळई यांचा आकडा बरोबर जुळतो. ३० मीटरला ३.८ आणि ३५ मीटरला ३.३.

आता वाहनाकडे या. पुस्तकात पाट्यांची स्प्रिंग सरळ रेषेतली दाखवतात. आपल्या ट्रकला एकावर एक रचलेले पोलादी पाटे असतात आणि त्यांच्यामध्ये घर्षण असते. रस्ता बऱ्यापैकी सपाट असेल, तर ते घर्षण तुटण्याइतके बलच निर्माण होत नाही. पाटे जाम राहतात आणि संपूर्ण ट्रक केवळ टायरवर, तीन ते चार हर्ट्झने, फारसे अवमंदन (कंपन विरणे) न होता उसळत राहतो. वर दिलेले ३० ते ३५ मीटरच्या गाळ्यांचे आकडे पुन्हा पाहा. दोन्ही वारंवारता एकाच पट्ट्यात येतात. हवेच्या सस्पेन्शनवरचे वाहन दीड ते पावणेदोन हर्ट्झला हलते आणि त्याचे अवमंदनही चांगले असते, म्हणून तेच वजन पुलाला कमी त्रास देते. ओईसीडी या विकसित देशांच्या संघटनेच्या १९९० च्या दशकातील डिव्हाइन प्रकल्पात हा फरक पद्धतशीर तपासला गेला. प्रश्नचिन्ह यांनी पाट्यांचे घर्षण सोडून सरळ स्प्रिंग घेतली, तर त्यांचा ट्रक कागदावर खऱ्यापेक्षा सभ्य निघेल.

खडीकरण

चर्चा उत्तम आहे, पण मी ठेकेदारीच्या बाजूने एक रोखठोक प्रश्न विचारतो. आयआरसीचा गुणक सुरक्षित बाजूला आहे हे तुम्हीच सांगता. वाढ सांध्यामुळे आणि खचलेल्या अप्रोच स्लॅबमुळे (पुलाला भरावाशी जोडणाऱ्या लादीमुळे) होते हेही सांगता. मग प्रतिरूप करत बसण्यापेक्षा सांधा बदलावा, अप्रोचवर डांबराचा थर द्यावा आणि मोकळे व्हावे. महिनाभर संगणक चालवून जे निघणार, ते मुकादमाला आजच ठाऊक आहे.

तुळई

सांधा बदलावा याबद्दल दुमत नाही. प्रतिरूपाची गरज मात्र दुसऱ्या ठिकाणी आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने आसभाराच्या मर्यादा वाढवल्या. चार टायरच्या एकेरी आसेची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर गेली आणि तीन आसांच्या ट्रकचे एकूण वजन २५ वरून २८.५ टन झाले. पूल तेच राहिले. आता एखाद्या जुन्या पुलाची ताकद काठावर निघाली, तर त्या १४.५ टक्क्यांतले खरे किती आणि सवयीचे किती हा प्रश्न पैशाचा होतो. पूल वाहतुकीला खुला ठेवायचा, वजनाची मर्यादा लावायची की बळकटीकरण करायचे, हे त्यावर ठरते.

वाढीची टक्केवारी वाहनाच्या वजनाबरोबर कमी होत जाते, ही गोष्ट चाचण्या आणि प्रतिरूपे दोन्ही दाखवतात. रिकामा ट्रक खूप उसळतो, पण त्याची उसळी टनांत मोजली तर थोडी असते. भरलेला ट्रक त्या प्रमाणात उसळत नाही. दोन भरलेले ट्रक शेजारी शेजारी आले, तर दोघांच्या उसळ्या एकाच क्षणी एकाच दिशेने येणे विरळा. एकाची वर आणि दुसऱ्याची खाली असे होऊन परिणाम बराचसा खोडला जातो. पुलाला खरा धोका असतो तो अशा दोन-तीन भरलेल्या वाहनांचा, आणि नेमक्या त्याच प्रसंगी वाढ सर्वांत कमी असते. एकच ठोक गुणक हा भेद दाखवू शकत नाही. मुकादमाला सांधा वाजतो हे ठाऊक असते, पण मधल्या गर्डरमध्ये त्यातले किती पोचते हे त्याला कळायला मार्ग नाही.

ते किती पोचते याचा एक अंदाज इथेच करून दाखवतो. सांध्यावर आपटलेला ट्रक ३.३ हर्ट्झने उसळतो आहे आणि वेग ताशी ६० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर आहे, असे धरा. उसळीचा एक फेरा पाच मीटरमध्ये पुरा होतो. त्यामुळे सांध्यानंतरचा सर्वांत जोराचा दाब पुलाच्या पहिल्या काही मीटरांतच पडतो, जिथून मधल्या भागाचा बेंडिंग मोमेंट फारसा वाढत नाही. २५ मीटरच्या गाळ्यात मध्यापर्यंत पोचेपर्यंत दोन-अडीच उसळ्या होऊन गेलेल्या असतात आणि टायर व पाटे त्यातली बरीच ऊर्जा खाऊन टाकतात. मार खातात ते सांधा, त्याखालचा स्लॅब, शेवटचा आडवा गर्डर आणि बेअरिंग. अमेरिकेच्या आश्तो नियमावलीत साधारण घटकांना ३३ टक्के आणि डेकच्या सांध्यांना ७५ टक्के अशी दोन वेगळी मूल्ये आहेत, ती यामुळेच.

शून्यमाध्य

वरच्या हिशेबाला धरूनच प्रश्नचिन्ह यांना काही गोष्टी सुचवतो, कारण प्रबंधांत नेमके इथे घोटाळे होतात.

वाहन पुलाच्या तोंडाशी स्तब्ध अवस्थेत सुरू करू नये. खरे वाहन पुलावर येते तेव्हा ते आधीच हलत असते. प्रतिरूपात पुलाआधीचा पन्नास ते शंभर मीटर रस्ता जोडावा आणि गाडीला त्यावरून धावत येऊ द्यावे. एवढा एक बदल केला तरी उत्तरे लक्षणीय बदलतात.

रस्त्याचा पृष्ठभाग आयएसओ ८६०८ प्रमाणे निर्माण करता येतो. त्यात ए पासून एच पर्यंत वर्ग आहेत आणि ०.१ फेरे प्रतिमीटर या संदर्भ वारंवारतेला ए वर्गाचे मध्यमूल्य १६, बी चे ६४, सी चे २५६ दशलक्षांश घनमीटर असे चौपटीने वाढत जाते. निरनिराळ्या तरंगलांबीच्या कोसाइन लाटा यादृच्छिक कलांनी (प्रत्येक लाट कुठून सुरू होते ते बदलून) मिळवल्या की रस्ता तयार होतो. पण एका वर्गाचा एकच रस्ता तयार करून त्यावरच्या उत्तराला 'सी वर्गाचे उत्तर' म्हणणे चूक आहे. कला बदलल्या की त्याच वर्गात कधी उंचवटा नेमका मध्याआधी येतो, कधी खळगा. अनेक रस्ते तयार करून सरासरी आणि पसारा दोन्ही द्यावेत.

सांध्याची फट प्रतिरूपात जशीच्या तशी घालू नये. आपण चाकाचा रस्त्याशी स्पर्श एका बिंदूत धरतो, पण टायरचा ठसा वीस-पंचवीस सेंटिमीटर लांब असतो आणि तो चाळीस मिलिमीटरच्या फटीत उतरत नाही, तिच्यावरून निघून जातो. म्हणून रस्त्याच्या उंचीची ठशाच्या लांबीएवढी चालती सरासरी घेऊन मगच ती चाकाला द्यावी. तसे केले नाही तर निरुपद्रवी फट प्रतिरूपात गाडी उडवून लावते.

अखेर गुणकाच्या व्याख्येबद्दल. ट्रक डाव्या कडेने जात असताना उजव्या टोकाच्या गर्डरमध्ये स्थिर भाराचा ताण जवळजवळ शून्य असतो आणि कंपनाचा थोडासा असतो. त्यांचे गुणोत्तर काढले तर दोन-तीन येते आणि तक्त्यात ते भयंकर दिसते. ज्या गर्डरवर खरा भार येतो त्याचाच गुणक विचारात घ्यावा.

रूळबंधू

रस्त्याच्या पुलांबद्दल तुळई यांचे म्हणणे मान्य आहे, पण 'वेगाचा वाटा लहान' हे विधान रेल्वेच्या बाबतीत तसेच्या तसे लावता येणार नाही. रस्त्यावर वाहने कशीही येतात. रुळावर तीच आस, त्याच अंतराने, पुन्हा पुन्हा येते. एका आसेने दिलेला धक्का विरण्याआधी दुसरीने त्याच तालात धक्का दिला, तर कंपने साठत जातात. झोपाळ्याला योग्य वेळी हात लावण्यासारखे ते आहे.

वाफेच्या इंजिनांच्या काळात कारण वेगळे होते. चाकांवरच्या तोलवजनांमुळे प्रत्येक फेऱ्याला रुळावर हातोड्यासारखा घाव बसे. ब्रिटनमध्ये १९२३ ते १९२८ या काळात ब्रिज स्ट्रेस कमिटीने त्याचाच अभ्यास केला आणि तिच्या कामाशी जोडलेले चार्ल्स इंग्लिस यांनी १९३४ मध्ये रेल्वे पुलांच्या कंपनांचे गणित सविस्तर मांडले. आपल्या भारतीय रेल्वेच्या ब्रिज रूल्समध्ये ब्रॉडगेजच्या एकेरी मार्गासाठी आजही ०.१५ अधिक ८ भागिले (६ अधिक गाळा) असा गुणक आहे, कमाल मर्यादा १. पंचवीस मीटरला तो सुमारे ४१ टक्के भरतो. रस्त्याच्या १४.५ टक्क्यांशी तुलना करा म्हणजे दोन्हीकडच्या विचारातले अंतर ध्यानात येईल.

वेगवान गाड्यांमुळे मात्र असा कोणताही ठोक गुणक अपुरा पडू लागला. पॅरिस ते ल्यों हा मार्ग १९८१ मध्ये सुरू झाल्यावर काही आखूड गाळ्यांच्या पुलांवर खडी सैल होऊ लागली. पूल मजबुतीत कुठेही कमी नव्हते. डेकचे त्वरण इतके वाढत होते की खडीचे दगड एकमेकांत अडकून राहीनासे झाले. पुढे युरोपीय रेल्वे संशोधन संस्थेच्या डी-२१४ समितीने प्रयोग केले. त्यांत सुमारे ०.७ जी (गुरुत्वत्वरणाच्या ०.७ पट) त्वरणाला खडी अस्थिर होते असे दिसले आणि त्याच्या निम्मी, म्हणजे सेकंदवर्गाला ३.५ मीटर, ही मर्यादा युरोपीय नियमांत आली. खडी नसलेल्या मार्गाला ती ५ मीटर आहे. याचा अर्थ असा की तिथे ताणाआधी त्वरणच निर्णय देते, आणि त्वरण स्थिर विश्लेषणाला कोणताही गुणक लावून मिळत नाही. तिथे काल-विश्लेषण अटळ आहे.

प्रश्नचिन्ह

मग मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन मार्गावरचे ४० मीटरचे बॉक्स गर्डर या दृष्टीने कसे बसतात? तिथे तर ताशी ३२० किलोमीटरचा वेग धरलेला आहे.

रूळबंधू

त्या गर्डरची मोजलेली वारंवारता माझ्याकडे नाही, त्यामुळे केवळ तत्त्व सांगतो. रेझोनन्सचा (ताल जुळून कंपने साठत जाण्याचा) वेग म्हणजे डब्याची लांबी गुणिले पुलाची वारंवारता, किंवा त्याचा निम्मा, एक तृतीयांश वगैरे. शिनकान्सेन या जपानी वेगवान गाडीचा डबा २५ मीटरचा असतो. ताशी ३२० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ८८.९ मीटर, त्याला २५ ने भागले की ३.५६ हर्ट्झ. पुलाची वारंवारता याच्या आसपास असेल तर पूर्ण वेगात गाडी त्याला तालात धक्के देईल. युरोपीय नियमांत ४० मीटरच्या गाळ्यासाठी नेहमीच्या पुलांचा पट्टा २.७ ते ६ हर्ट्झ असा येतो, म्हणजे हा आकडा अगदी त्या पट्ट्यात आहे आणि दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

इथे गणिताने एक सवलत मात्र ठेवली आहे. एक भार पुलावरून निघून गेल्यावर मागे उरणारे कंपन काही ठरावीक वेगांना शून्य होते. ती अट रेझोनन्सच्या अटीशी जुळवली, तर गाळा डब्याच्या दीडपट असताना दोन्ही एकाच वेगाला येतात आणि पहिल्या मोडचा रेझोनन्स जवळपास नाहीसा होतो. २५ मीटरच्या डब्याला हा गाळा ३७.५ मीटर होतो. ४० मीटरचे प्रमाण १.६. तुम्हाला प्रतिरूप तपासायला यापेक्षा चांगली परीक्षा नाही : धावत्या बलांची एक रांग घ्या, वारंवारता तीच ठेवून गाळा ३० पासून ४५ मीटरपर्यंत बदला आणि रेझोनन्सच्या वेगाला ३७.५ पाशी त्वरण खाली येते का ते पाहा. अवमंदन मात्र उदारपणे घेऊ नका. युरोपीय नियम पूर्वताणित काँक्रीटच्या २० मीटरपेक्षा मोठ्या गाळ्यांना १ टक्का आणि पोलादाला ०.५ टक्काच देतात. रेझोनन्सचे शिखर अवमंदनावर जवळजवळ व्यस्त प्रमाणात अवलंबून असते, त्यामुळे सवयीने ५ टक्के टाकले तर धोका कागदावरून नाहीसा होतो आणि पुलावर तसाच राहतो.

नदीकाठ

मी अभियंता नाही, पण धागा पहिल्यापासून वाचतो आहे. वाहतूक तुंबली की उड्डाणपुलावर आपली गाडी उभी असते आणि शेजारून ट्रक गेला की पूल स्पष्टपणे हलतो. ते सुरक्षित असते का? कारण तेव्हा तर वेग काहीच नसतो.

कोयनाकाठ

तुमच्या बाजूची मार्गिका तुंबलेली असली तरी समोरून येणारी चालू असते, त्यामुळे हलवणारा ट्रक वेगात असतोच. हलते किती, त्याचा हिशेब असा. ३ हर्ट्झने पूल वर-खाली एक मिलिमीटर हलला, तर त्वरण सेकंदवर्गाला सुमारे ०.३६ मीटर होते, म्हणजे गुरुत्वाच्या साडेतीन टक्क्यांच्या आसपास. स्वस्थ बसलेल्या माणसाला ते अगदी ठळकपणे जाणवते. २५-३० मीटरच्या गर्डरला एक मिलिमीटर काहीच नाही. माणसाचे शरीर त्वरण ओळखण्यात फार तरबेज आहे आणि ताण ओळखण्यात पूर्ण निकामी आहे, म्हणून जाणवलेल्या हादऱ्यावरून पुलाची ताकद ठरवता येत नाही. पूल पूर्वीपेक्षा निराळा हलू लागला, किंवा एकाच सांध्यावर दणका वाढत गेला, तर मात्र ते संबंधित कार्यालयाला जरूर कळवावे.

खडीकरण

हे पटले. एक पुरवणी प्रश्न विचारतो. अटल सेतूवर पोलादी ऑर्थोट्रॉपिक डेकचे (खालून पन्हळींनी कडक केलेल्या पत्र्याच्या डेकचे) मोठे गाळे आहेत आणि वाहने ताशी १०० ने जातात. तिथे ही सारी चर्चा कशी लागू होते?

तुळई

तिथे संपूर्ण गाळ्याचे कंपन हा दुय्यम विषय ठरतो. सर्वांत मोठा गाळा १८० मीटरचा आहे; एवढ्या गाळ्याची पहिली वारंवारता वाहनाच्या उसळीच्या पुष्कळ खाली असते आणि एका ट्रकचे वजन त्याच्यापुढे नगण्य असते. लक्ष द्यावे लागते ते डेकच्या पातळ पत्र्याकडे आणि त्याखालच्या पन्हळींच्या वेल्डांकडे. तिथे प्रत्येक आस स्वतंत्रपणे ताणाचा एक फेरा पूर्ण करते आणि पुलाच्या आयुष्यात असे फेरे कोटींच्या हिशेबात होतात. फटीगमध्ये (वारंवारच्या ताणाने येणाऱ्या थकव्यात) नुकसान ताणाच्या साधारण तिसऱ्या घाताने वाढते, त्यामुळे चाकाखालचे बल दहा टक्क्यांनी वाढले तर नुकसान तेहतीस टक्क्यांनी वाढते. म्हणून तिथे प्रतिरूप दोन भागांत करणे सोयीचे : आधी वाहन आणि रस्ता यांचे जोडलेले प्रतिरूप चालवून चाकाखालच्या बलाचा काल-आलेख काढायचा, मग तो आलेख डेकच्या एका तुकड्याच्या बारीक जाळीच्या प्रतिरूपावर लावायचा. अख्खा सेतू शेल (पातळ पृष्ठाच्या) घटकांत मांडून त्यावर त्रिमितीय टायर फिरवण्याचा मोह टाळावा. संगणक दमतो आणि वेल्डपाशी हवी तेवढी बारीक जाळी तरीही मिळत नाही.

प्रश्नचिन्ह

सर्वांचे मनापासून आभार. आता मी विषय असा आखतो आहे : साध्या आधारावरचे २०, २५, ३० आणि ३५ मीटरचे टी-गर्डर पूल, तीन आसांचा २८.५ टनांचा ट्रक, पाट्यांचे घर्षण धरून आणि न धरून, रस्त्याचे ए, बी आणि सी वर्ग, खचलेला अप्रोच स्लॅब, आणि वेग ताशी २० ते ८० किलोमीटर. यात काही राहिले का?

तुळई

आखणी चांगली आहे, दोन बदल सुचवतो. २८.५ टनांबरोबर रिकामा ट्रक आणि शेजारी शेजारी चालणारे दोन भरलेले ट्रक घ्या. वजनाबरोबर वाढ कशी उतरते हे दाखवल्याशिवाय खडीकरण यांच्या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर नसेल. दोन ट्रकांमधले अंतर आणि सुरुवातीची कला बदलत ठेवा, नाहीतर दोघे एका तालात नाचतील.

दुसरे, अप्रोच स्लॅब खचलेला घेताना केवळ पायरी देऊ नका. तो पुलाकडच्या टोकाला ब्रॅकेटवर टेकलेला असतो आणि भरावाकडचे टोक खाली जाते, त्यामुळे गाडीला साडेतीन-चार मीटर लांबीचा चढ लागतो आणि पुलावर येताना तिचे नाक वर असते. पुढची आस पुलावर आणि मागच्या आसा अजून चढाच्या तोंडाशी अशा क्षणी गाडी पुढे-मागे डोलू लागते. एका चाकाच्या प्रतिरूपात हे डोलणे दिसतच नाही, निदान अर्ध्या गाडीचे प्रतिरूप त्यासाठी लागेल. खचण्याची खोली २०, ४० आणि ६० मिलिमीटर अशी घेतलीत, तर प्रत्यक्ष पुलावर पट्टी आणि दोरी धरून मोजता येणाऱ्या आकड्याशी तुमचा आलेख थेट जोडता येईल.

शून्यमाध्य

आणि वेगाची पायरी ताशी ५ किलोमीटरची ठेवा. २० च्या उड्या मारल्यात तर ४० आणि ६० च्या मधले शिखर हातातून निसटते, आणि सांधा, उसळीची लांबी व गाळा यांचा मेळ नेमका अशाच मधल्या वेगाला बसतो.